नदीकाठची वाट बुडाली, तर चुकलं कोणाचं?

पूर ओसरला की दरवेळी एकाच जातीचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. उखडलेले पेव्हर ब्लॉक, आडवं झालेलं रेलिंग, गाळात निम्मा रुतलेला बाक. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी, मांजरा, सिंदफणा या नद्यांनी मराठवाड्यात पात्र सोडलं, तेव्हाही ते फिरले. खाली लिहिलेलं असतं, "नदीत बांधायची गरजच काय होती? पैसे अक्षरशः पाण्यात गेले."

दिवाळी होते, थंडी पडते, आणि तीच माणसं म्हणू लागतात, "गावात चालायला धड जागा नाही. नदीकाठ एवढा रिकामा पडलाय, तिथं ट्रॅक करा की."

दोन्ही म्हणणी बरोबर आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी पुरी होऊ शकतात. त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. पुराच्या जागेतली वाट बुडणारच. ती बुडाली यात दोष नाही. बुडू नये म्हणून ती उंच, पक्की, भिंतीच्या आधारानं बांधली, किंवा बुडाल्यावर धुवायला कोणी नेमलंच नाही, तर तो दोष.

मी बीडला वाढलो. बिंदुसरा आमच्या गावाच्या मधून जाते. वर्षातले कित्येक महिने ती ओलांडताना चप्पलही भिजत नाही. याच नदीनं जुलै १९८९ मध्ये काठच्या वस्त्यांत शिरून माणसं नेली, संसार नेले. त्यामुळे नदीकाठ रिकामा दिसला की तिथं काय बांधता येईल, हा प्रश्न मला आधी सुचत नाही. तो रिकामा का आहे, हा सुचतो.

## नदीचं अंगण

नदी म्हणजे पाणी वाहतं तेवढी पट्टी, असं आपण धरून चालतो. घर म्हणजे फक्त झोपायची खोली, असं म्हणण्यासारखंच ते आहे. घराला ओसरी असते, अंगण असतं. अंगणात रोज कोणी बसत नाही. पण लग्न निघालं की मांडव तिथंच पडतो, पंगत तिथंच बसते. "एरवी रिकामंच असतं" म्हणून कोणी अंगणात खोली काढली, तर लग्नाच्या दिवशी पंगत शेजाऱ्याच्या दारात बसवावी लागेल. शेजाऱ्याला न विचारता.

पात्राच्या दोन्ही बाजूंचा सखल पट्टा, म्हणजे पूरमैदान, हे नदीचं अंगण. पावसाळ्यात पाणी वाढलं की ते तिथं पसरतं. पसरलं की त्याचा वेग कमी होतो, उंची कमी राहते, गाळ खाली बसतो. ती जागा आपण भराव टाकून घेतली, तर पाणी नाहीसं होत नाही. ते खालच्या वस्तीत, समोरच्या काठावर किंवा पुलाच्या कमानीवर जाऊन चढतं.

अंगणात काहीच नसावं असंही नाही. तुळशीवृंदावन असतं, बाज असते, सडा-सारवण असतं. पाहुणे आले की बाज उचलून भिंतीला लावायची, पाहुणे गेले की पुन्हा सारवायचं. नदीकाठची वाट ही त्या सारवणासारखी असायला हवी. पुढचं सगळं या एका गोष्टीचा विस्तार आहे.

## निळी रेषा, लाल रेषा

या अंगणाची हद्द कागदावर ठरवण्यासाठी आपल्या राज्यात दोन रेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती निळी पूररेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येईल अशा मोठ्या पुराची हद्द ती लाल पूररेषा. निळी रेषा नदीला जवळ, लाल तिच्यापलीकडे. आखणी जलसंपदा विभागाच्या हिशेबानं होते आणि शहरांच्या विकास आराखड्यात ती उमटायला हवी.

"२५ वर्षांतून एकदा" या शब्दांनी फार घोळ घातला आहे. लोकांना वाटतं, १९८९ ला येऊन गेला, म्हणजे आता २०१४ पर्यंत निवांत. तसं नसतं. एका मडक्यात २५ चिठ्ठ्या टाका, त्यातल्या एकीवर "पूर" लिहा. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत मडक्यात टाकायची. यंदा पुराची चिठ्ठी निघाली तरी पुढच्या वर्षी ती मडक्यात आहेच. दरवर्षी शक्यता ४ टक्के, आणि २५ वर्षांत एकदा तरी निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. १०० वर्षांच्या पुराचाही हिशेब असाच. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त आहे.

नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकाम चालत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत या पट्ट्यासाठी बाग, हिरवळ, मोकळी जागा, उघडं वाहनतळ असे वापर दिले आहेत. म्हणजे पाऊलवाट नियमात बसते, हॉल आणि गाळे बसत नाहीत. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोत्याच्या उंचीची अट घालून.

## पाणी किती? टँकरच्या हिशेबात

बातमीत विसर्ग "क्युसेक"मध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. आपल्याला टँकरची भाषा जास्त कळते, म्हणून तीच वापरतो. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पैठणच्या जायकवाडी धरणाचा विसर्ग दोन लाख क्युसेकच्या वर गेला होता. दोन लाख धरले तरी सेकंदाला साडेपाचशेहून जास्त टँकर. लातूरसाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तशा अकरा गाड्यांचं पाणी पैठणहून एका सेकंदात खाली गेलं.

त्या गाडीची वाट पाहणारा आणि या पुराला भिणारा मुलूख एकच आहे. काठावर काहीही करताना हे दोन्ही टोकांचे दिवस डोळ्यांसमोर असावे लागतात.

## ही कल्पना नवी नाही, कालव्याचा रस्ता आठवा

पूर सांभाळण्यासाठी राखलेल्या जागेवर लोकांनी चालायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कालव्याच्या काठचा रस्ता आपण लहानपणापासून वापरतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. त्यांच्या भरावावरचा रस्ता मुळात पाटकऱ्याला फिरता यावं, फुटकं दिसावं, मशीन नेता यावं यासाठी केलेला. गावाला तो शेतात जायला उपयोगी पडला, पहाटे चालायलाही. मुख्य काम देखभालीचं, बाकी वापर वरचा.

नदीकाठची चांगली वाट अशीच असते. ती आधी पोकलेन आणि जेसीबी यांची असते, मग आपली. उन्हाळ्यात गाळ काढायला मशीन उतरणार, म्हणून ती पुरेशी रुंद हवी आणि तिचा पाया तेवढं वजन पेलणारा हवा. एप्रिल-मेमध्ये काही आठवडे ती बंद राहील, हे पहिल्याच दिवशी फलकावर लिहायला हवं. नाहीतर पहाटे फिरणारेच उद्या तक्रार करतील की आमच्या ट्रॅकवर यंत्रं आली. यंत्रं तिथं येण्यासाठीच ती जागा आहे.

## बुडायला तयार असलेली वाट कशी असते

एका शहरातला ट्रॅक मी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहिला आहे. नाव लिहीत नाही, कारण हे कुठंही घडू शकलं असतं. उंच भराव, त्यावर रंगीत पेव्हर ब्लॉक, नदीच्या बाजूला कमरेएवढं लोखंडी रेलिंग, दर वीस पावलांवर दिवा. पहिल्या मोठ्या पाण्यानं रेलिंगला पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकलं. बघता बघता रेलिंगची भिंत झाली. पाणी तिच्यावर चढलं, पलीकडे कोसळलं आणि भरावाची पाठ खणून गेलं. ब्लॉक त्या खड्ड्यात बसले. आठवड्यानं मी तिथं उभा होतो तेव्हा सगळ्यात जास्त चीड आली ती दिव्यांच्या वायरीच्या पेट्यांची. त्या जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवल्या होत्या. पुराच्या जागेत वीज गुडघ्याखाली! माणूस दगावला नाही हे नशीब.

यातली प्रत्येक गोष्ट टाळता आली असती. वाट काठच्या मूळ जमिनीच्या पातळीवरच ठेवायची, उंचवटा करायचा नाही. रेलिंग शक्यतो लावायचंच नाही. घसरणीचा धोका असेल तिथं वाट चार पावलं आत घ्यायची, आणि अगदीच हवं तिथं आडव्या पट्ट्यांऐवजी सुटे खुंट रोवायचे, म्हणजे कचरा मधून निघून जातो. बाक दगडाचा, जमिनीत पुरलेला. बसाल्टची आपल्याकडे काय कमी? विजेच्या पेट्या लाल रेषेच्या वर, किंवा दिवे पूररेषेबाहेरच्या रस्त्यावरून झोत टाकणारे.

खालची माती हा आपला खास मराठवाडी प्रश्न आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन उन्हाळ्यांत ते तडकतं. ब्लॉक बसवले तर एक वर, एक खाली. वरची काळी माती काढून मुरमाचे थर, नीट पाणी मारून रोलरनं दाबलेले, ही जुनी पद्धत इथं जास्त टिकते. पूर आला तर मुरूम थोडा वाहून जाईल. चार हायवा मुरूम पुन्हा टाकायचा. रंगीत ब्लॉक वाहून गेले तर नवं टेंडर निघतं, आणि ते कधी निघेल याचा भरवसा नसतो.

झाडांबद्दल लोक फार आग्रही असतात, आणि असावंच. फक्त दोन जागांत फरक करायला हवा. मातीचा भराव घालून केलेल्या पूरबांधावर मोठी झाडं नकोत. मुळं कुजली की पोकळी उरते, वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं, आणि घुशींच्या बिळांवर नजर ठेवता येत नाही. तिथं गवतच बरं. नैसर्गिक काठावर मात्र उलट. उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन, वाळुंज यांची मुळं काठ धरून ठेवतात. तिथं मुळं उपटून शोभेची हिरवळ लावणं हा मला अपराध वाटतो.

## मग सरळ भिंतच का बांधू नये?

हा सगळ्यात जोरकस आक्षेप. लोक अहमदाबादचं उदाहरण देतात. तिथं साबरमतीला दोन्ही बाजूंनी भिंती घालून पात्राची रुंदी जवळजवळ एकसारखी, सुमारे २६३ मीटर केली, आणि काठावर पायी फिरायला प्रशस्त जागा झाली. ती देखणी आहे, गर्दीही होते. पण तिथं उन्हाळ्यात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. आपण कोणत्या कालव्यातून आणणार? जायकवाडीच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या जिल्ह्यांत दर दुष्काळी वर्षी वाद पेटतो, ते पाणी शोभेसाठी अडवायची भाषा इथं कोणी करू नये.

भिंतीचं दुसरं गणित वेगाचं आहे. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात लांब जाते. पात्र आवळलं की तेच होतं. भिंतीच्या आतलं शहर कोरडं राहिलं तरी भिंत जिथं संपते तिथलं गाव ती धार अंगावर घेतं. त्या गावाला टेंडरमध्ये कोणी विचारलेलं नसतं. दाट वस्ती आधीच काठावर आहे, हलवणं शक्य नाही, तिथं संरक्षक भिंत बांधावी लागते, हे मला मान्य आहे. पण फिरायला जागा मिळावी म्हणून भिंत बांधणं म्हणजे बाज टाकायला अंगणात खोली काढणं.

## "आमच्या नदीला पाणीच नसतं"

नसतं, म्हणूनच धोका जास्त. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर, पण ती हप्त्याहप्त्यानं पडत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला की सरकारी हिशेबात अतिवृष्टी धरतात, आणि कधी कधी त्याच्या दुप्पट एका रात्रीत पडतो. खाली कातळ, वर पातळ माती, डोंगर उघडे. पाणी मुरायला वेळच मिळत नाही. बारमाही नदीकाठच्या माणसाला पाण्याची रोज ओळख असते. आपल्याकडे दहा वर्षं कोरडी गेली की नवी पिढी नदीला नाला म्हणू लागते, आणि नाल्यावर प्लॉट पडतात.

वाटेचा खरा उपयोग मला इथं दिसतो. रोज शेकडो माणसं ज्या काठानं चालतात, त्या काठावर ट्रकभर राडारोडा रात्रीतून टाकला तर सकाळी सहा वाजता ओरड होते. कुंपण घातलेल्या, कोणी न पाहिलेल्या काठावर तोच ढीग वर्षभर वाढत राहतो आणि एके दिवशी त्यावर पत्र्याचं शेड उभं राहतं. छत्रपती संभाजीनगरची खाम पाहा. पाणचक्कीच्या कडेनं, महमूद दरवाजा आणि मकई दरवाजाच्या जुन्या पुलांखालून ती वाहते. शहराचं वैभव ज्या नदीच्या काठावर आहे, तिच्याकडं शहरानं कित्येक वर्षं पाठ केली होती. अलीकडच्या वर्षांत खामच्या काठांची सफाई झाली, काही ठिकाणी लोकांना बसाय-फिरायला जागा झाली. त्यातला मला वाटणारा मोठा लाभ हा की लोक पुन्हा नदीकडे तोंड करून उभे राहू लागले.

पण सांडपाणी तसंच सोडून वाट करू नका. वर्षातले आठ महिने आपल्या शहरांतल्या नद्यांत जे वाहतं ते गटाराचं असतं. नाल्यांची तोंडं शुद्धीकरण केंद्राला जोडल्याशिवाय केलेली वाट नाक दाबून चालायची वाट होते. पैसा थोडाच असेल, तर आधी तो नाल्यांवर लावा आणि वाट दोन वर्षं उशिरा करा.

## "वाट केली की टपऱ्या येतील"

भीती खरी आहे. आधी वाट, मग चहाची गाडी, मग पत्रा, मग ओटा, मग नगरसेवकाच्या नावाचं सभागृह. यावर इलाज एकच दिसतो. चाकावरचं चालेल, जमिनीत पाया असलेलं चालणार नाही. संध्याकाळी हातगाडी आली तर माणसं राहतात, बायाबापड्यांना सुरक्षित वाटतं. पण रात्री ती परत गेली पाहिजे. पाहुणे येणार कळल्यावर जी वस्तू उचलता येत नाही, ती अंगणात नको.

दुचाकींना रोखणं याहून अवघड आहे. तोंडाशी खांब लावले की मशीन आत जात नाही, नाही लावले की पोरं बाइक घालतात. काढता येणारे, कुलूपबंद खांब हाच मार्ग, आणि किल्ली कोणाकडे आहे हे लिहिलेलं असायला हवं.

## ज्यांची ती आधीपासून आहे, त्यांचं काय?

आपण "रिकामा काठ" म्हणतो, पण तो कधीच रिकामा नसतो. म्हशी पाण्यावर येतात, शेरडं चरतात, धुणी होतात, दशक्रिया होते. उन्हाळ्यात गोदावरीच्या वाळवंटात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागत आल्या आहेत. फिरणाऱ्यांसाठी ट्रॅक झाला आणि गुराख्याला हाकललं, असं झालं तर त्या वाटेला माझा पाठिंबा नाही. जनावरं उतरायची जागा, ढाळ दगडी करून, आराखड्यातच धरायला हवी. ट्रॅकला आडवी जाणारी गुरवाट राहिली म्हणून कोणाच्या चालण्यात खंड पडत नाही.

शेतकऱ्याची शंका निराळी असते, "निळी रेषा माझ्या गटातून गेली, म्हणजे जमीन गेली का?" नाही. रेषेनं मालकी बदलत नाही, सात-बारा तुमचाच राहतो. रेषा फक्त तिथं काय बांधता येईल यावर मर्यादा घालते. नदी-नाल्याचं पात्र मात्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे शासनाचं असतं. म्हणून वाट आधी सरकारी जमिनीवर आखावी. मध्ये खाजगी गट आला तर करार करावा, मोबदला द्यावा, नाहीतर तेवढ्यापुरती वाट रस्त्यावरून फिरवावी. सलग नकाशा सुंदर दिसावा म्हणून कोणाच्या बांधावरून जबरदस्तीनं जाऊ नये.

## जमीन एकाची, वाट दुसऱ्याची

मोडलेला बाक दुरुस्त कोण करणार, यावर आपल्याकडे नेहमीचं उत्तर "ते आमच्याकडे येत नाही" असं मिळतं. पात्र एकाकडे, बंधारा दुसऱ्याकडे, दिवे तिसऱ्याकडे.

कॅलिफोर्नियातल्या ॲलामेडा क्रीक या ओढ्याची व्यवस्था इथं समजून घेण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळणाऱ्या या ओढ्याला पूर अडवण्यासाठी दोन्ही बाजूंनी भराव घातले. जमीन आणि पूरनियंत्रण एका सरकारी संस्थेकडे. त्या भरावांवरची साधारण १२ मैलांची, म्हणजे १९ किलोमीटरची वाट मात्र सांभाळते उद्यानांची दुसरी संस्था. एका काठाची वाट डांबरी, पायी आणि सायकलवाल्यांसाठी. दुसऱ्या काठाची कच्ची, घोडेस्वारांनाही चालणारी. एकाच वाटेवर सगळ्यांना कोंबून भांडणं लावण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट तिथल्या कायद्यात आहे. करमणुकीच्या वाटेवर, वाटेच्या अवस्थेमुळे कोणी पडला-झडला तर सरकारी संस्थेला भरपाईच्या दाव्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. त्यामुळे "कोणी बुडालं तर आमच्यावर येईल" या भीतीनं काठाला टाळं लावायची गरज संस्थेला वाटत नाही. आपल्याकडे निदान जलसंपदा आणि महापालिका यांच्यात एक स्पष्ट करारनामा हवा. पूर आल्यावर बंद कोण करणार, गाळ कोण काढणार, पाया खचला तर खर्च कोणाचा, आणि मशीन उतरायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं. चार पानांत मावेल एवढंच असतं ते.

## पूर येताना फाटक कोण लावणार?

नांदेडला हा प्रश्न पुस्तकी नाही. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा प्रकल्प, आणि खाली गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदाघाट. वर दरवाजे उघडले की खाली पायऱ्या बुडतात. आणि गणेश विसर्जन नेमकं भर पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात येतं, म्हणजे काठावर गर्दीचा दिवस आणि विसर्गाचा दिवस एकच असू शकतो.

धरणावरून निघालेला निरोप फाटकावरच्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोचतो, यावर सगळं अवलंबून आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात फॅक्स पोचला, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, यानं काम होत नाही. पुलाच्या खांबावर तीन रंगांचे पट्टे रंगवावेत. पाणी पहिल्या पट्ट्याला लागलं की वाट बंद, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता. भोंगा असावा, दवंडी असावी. वाटेला दर दोन-तीनशे मीटरवर वर रस्त्याला निघणारी पायरी असावी, कारण दोन्ही टोकांनाच दार असलेली वाट पाणी चढताना सापळा होते. त्याच पायऱ्या संध्याकाळी एकट्या चालणाऱ्या बाईलाही धीर देतात.

## पाणी ओसरल्यावरचे दोन दिवस

गाळ ओला आहे तोवर पाण्याच्या मोठ्या पाइपनं आणि फावड्यानं तो निघतो. दोन दिवस ऊन लागलं की काळा गाळ विटेसारखा बसतो, मग तो कुदळीनं फोडावा लागतो आणि त्याच्याबरोबर वाटही फुटते. म्हणून टँकर, माणसं आणि पैसे पूर येण्याआधी ठरलेले हवेत. आपल्याकडे इथंच गाडी अडते. बांधायला योजनेचा पैसा येतो, उद्घाटन होतं, पाटी लागते. धुवायला मात्र पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून खर्च करावा लागतो आणि त्या मथळ्याखाली बहुतेक वेळा काहीच धरलेलं नसतं. मला विचाराल तर ज्या आराखड्यात पहिल्या दहा वर्षांच्या सारवणाचा खर्च लिहिलेला नाही, तो मंजूरच करू नये. वाट अर्धीच करा, पण तिच्या धुण्याचे पैसे बाजूला ठेवा.

तुमच्या गावात अशी वाट होणार असल्याचं कानावर आलं, तर पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते पाहा. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर जवळ ठेवा. नकाशा दाखवायला नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. मग वाटेची पातळी मूळ काठाच्या किती वर आहे, आणि देखभालीच्या मथळ्याखाली अंदाजपत्रकात किती पैसे धरलेत, हे दोनच प्रश्न लेखी विचारा. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतं, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत करायचं, नदी कोरडी दिसत असताना.